कांद्याचे बी आणि संक्रांतीची मधमाशी

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निफाड, चांदवड, येवल्याच्या शिवारात कांद्याची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. एका वावरात रांगडा कांदा काढणीला आलेला असतो आणि बांधापलीकडे डोंगळे उभे असतात. डोंगळा म्हणजे बियांसाठी राखलेला कांदा. गेल्या हंगामातले निवडक, एका रंगाचे, एका आकाराचे कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावायचे. थंडी लागली की त्यातून पोकळ दांडे वर येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा फुटतो. याच गोंड्यातून एप्रिलमध्ये काळे बी निघते. त्याला नाशिककर उळे म्हणतात. लासलगावच्या बाजारात येणारी प्रत्येक गोणी कधीतरी या उळ्यातून निघालेली असते.

एका गोंड्यात काहीशे फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे रोज थोडी थोडी उघडतात. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. प्रत्यक्षात किती धरतात, हे परागीभवनावर ठरते. इथे कांद्याची एक अडचण आहे. त्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग सांडून मोकळे होतात आणि त्यानंतर स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग स्वतःच्या वेळेत मिळत नाही. दुसऱ्या फुलावरून कोणीतरी तो आणून द्यावा लागतो. पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याच्या हातून हे काम होत नाही. उरतात कीटक आणि त्यातही मुख्यतः मधमाशी.

माशी आली नाही तर गोंडा बाहेरून चांगला भरलेला दिसतो, पण चोळल्यावर हातात फोलपटे येतात. हे नुकसान त्या एका वावरापुरते राहत नाही. कांद्याचे बी अल्पायुषी असते. साध्या साठवणुकीत वर्षभरानंतर त्याची उगवण झपाट्याने घसरते. गव्हासारखे दोन-तीन वर्षांचे बी घरात ठेवून निश्चिंत होता येत नाही. एका वर्षी बी कमी धरले की पुढच्या रोपवाटिकेला चटका बसतो, उळ्याचा भाव चढतो आणि कुठल्याही दुकानातले, कुठल्याही पाकिटातले बी घेण्याची वेळ येते. २०२० साली पावसाने रोपे गेली, बियाण्याची टंचाई झाली आणि त्या ऑक्टोबरात केंद्र सरकारला कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. घरचे उळे धरणारा शेतकरी अशा वर्षी तरतो. मात्र त्याच्या डोंगळ्यावर माशी बसलेली असावी लागते.

माश्या दिसेनाशा झाल्या की शेतकरी हातपाय हलवतोच. काही जण सकाळी उठून गोंड्यांवरून हलके हात किंवा मऊ फडके फिरवत जातात. त्याने थोडा पराग इकडचा तिकडे होतो, पण तीन-चार आठवडे, रोज नव्याने उघडणाऱ्या हजारो फुलांवर हात फिरवायला मजूर आणायचे कुठून? काही जण गुळाचे पाणी फवारतात. हा उपाय तर उलटाच पडण्यासारखा आहे. माशीला पानावर आणि दांड्यावर आयते गोड मिळाले तर ती फुलात शिरेल कशाला? मुंगळ्यांची मात्र चंगळ होते.

मग पेट्या आणल्या जातात. विकत, भाड्याने किंवा फिरत्या मधपाळाशी बोलून. मधपाळ गावोगाव पेट्या फिरवतात त्या बहुतेक मेलीफेरा जातीच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या. ती १९६०च्या दशकात हिमाचल-पंजाबात रुळली आणि मग देशभर पसरली. आपली देशी सातेरीही पेटीत राहते. महाबळेश्वरच्या परंपरेतले मधपाळ तिच्यावरच वाढले. पण पेटी आणून बांधावर ठेवली की काम झाले, असे नसते. पेटीत नेमके काय आहे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर फेब्रुवारीत ठरत नाही, ते जानेवारीतच ठरून गेलेले असते.

हिशेब साधा आहे. मेलीफेराच्या राणीने अंडे घातले की तीन दिवसांनी अळी बाहेर येते. सुमारे सहा दिवस कामकरी माश्या तिला भरवतात, मग कोठडीवर मेणाचे झाकण बसते आणि आत बारा दिवसांनी पूर्ण माशी तयार होते. एकूण २१ दिवस. पण ही नवी माशी लगेच फुलांवर जात नाही. आधी ती कोठड्या साफ करते, लहान अळ्यांना भरवते, मेण काढून पोळे बांधते, दारावर पहारा करते. साधारण तीन आठवडे घरकाम झाल्यावर तिला बाहेरचे काम मिळते. म्हणजे अंड्यापासून फुलापर्यंत सुमारे ४२ दिवस. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी घातलेल्या अंड्याची माशी २५ फेब्रुवारीच्या आसपास डोंगळ्यावर पोहोचते, ऐन बहरात. गोंडे पांढरे झालेले पाहून ज्याने वसाहत वाढवायला घेतली, त्याच्या माश्या गोंडे वाळताना कामाला लागतील. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

आणि संक्रांतीचे दिवस म्हणजे नाशिकच्या थंडीचे दिवस. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे येतात. कांद्याला ही थंडी हवीच असते, तिच्याशिवाय डोंगळ्याला दांडा फुटत नाही. मात्र जी थंडी फूल घडवते, तीच माशीला अडवते. पोळ्यातल्या अंडी-अळ्यांच्या भागात, ज्याला मधपाळ पिलावा म्हणतात, ३४-३५ अंश तापमान लागते. बाहेर सात अंश असताना आत पस्तीस राखायचे म्हणजे माश्यांनी एकमेकींना बिलगून, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवत उष्णता निर्माण करायची. या शेकोटीचे इंधन म्हणजे मध. माश्या थोड्या असतील तर त्या थोड्याच पिलाव्याला ऊब देऊ शकतात आणि राणीही तेवढीच अंडी घालते. कमजोर वसाहत म्हणूनच आपोआप सबळ होत नाही. तिच्याकडे वाढण्यापुरती ऊबच नसते.

इंटरनेटवर मधमाशीपालनाचे जे धडे मिळतात ते बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे महिनोन्‌महिने बर्फ असते, राणी अंडी घालणे जवळजवळ थांबवते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये साठा संपून वसाहत उपाशी मरू नये ही मुख्य चिंता असते. ते ऐकून नाशिकमध्ये कोणी पेटी चहूबाजूंनी गुंडाळून महिनाभर बंद ठेवली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. इथे पहाटे सात अंश असले तरी दुपारी पारा पंचवीसच्या वर जातो आणि माश्या रोज बाहेर पडतात. इथला माशीचा खरा उपासमारीचा काळ पावसाळा. सह्याद्रीच्या बाजूला जुलै ते सप्टेंबर सलग पाऊस असतो, बाहेर पडता येत नाही. नंतर पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या उतारांवर खुरासणी पिवळी फुलते आणि वसाहती सावरतात. खुरासणी संपल्यानंतरची डिसेंबरातली ओढ आणि लगोलग आलेली थंडी, एवढा टप्पा मधपाळाला सांभाळून न्यायचा असतो.

जानेवारीत करायचे काय, तर थोडे आणि वेळेवर. पेटी उघडायची ती दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, ऊन असताना आणि पटकन. पिलाव्याची चौकट गार वाऱ्यात धरून राणी शोधत बसायचे नाही. ताजी अंडी दिसली तर राणी आहे, एवढा पुरावा पुरतो. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या चौकटी काढून घ्यायच्या, म्हणजे तापवायची जागा कमी होते. दार अरुंद करायचे. झाकणाखाली गोणपाट घालायचे, पण पेटी हवाबंद करायची नाही. माश्यांच्या श्वासातली वाफ थंड झाकणाला लागून थेंबाथेंबाने त्यांच्याच अंगावर पडते, आणि कोरड्या थंडीपेक्षा ही ओल जास्त वाईट. उत्तरेकडून उसाच्या पाचटाचा किंवा मक्याच्या कडब्याचा आडोसा, आणि सकाळचे पहिले ऊन दारावर पडेल अशी मांडणी. खर्च जवळजवळ शून्य.

साठा हलका असेल तर साखरेचा पाक द्यावा लागतो. निम्मी साखर, निम्मे पाणी. असा पातळ पाक फुलातल्या मधुरसासारखा असतो. रोज थोडा येत राहिला की वसाहतीला बाहेर फुले सुरू झाल्यासारखे वाटते आणि राणीची अंडी वाढतात. तो संध्याकाळी द्यावा, सांडू देऊ नये. सांडलेल्या पाकाच्या वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत एका दुपारीत उजाड होते. स्वस्त पडतो म्हणून गूळ वापरू नये, तो माशीला पचत नाही, हगवण लागते. मात्र पाकाने फक्त ऊर्जा मिळते. अळीच्या वाढीला प्रथिने लागतात आणि ती परागातून येतात. बाहेर पराग नसेल तर पाक पाजूनही पिलावा वाढत नाही. अशा वेळी सोयाबीन पिठासारखे पर्यायी खाद्य दिले जाते. आंब्याला मोहोर, शेवग्याला फुले, शेतात धने आणि मोहरी असेल तर त्याची गरज पडत नाही. आणि पाक चालू असताना साठलेले ते मध म्हणून विकायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. तरीही ते विकले जाते, हेही खरे.

दोन वसाहती अगदीच दुबळ्या असतील तर दोन्ही वाचवण्याच्या नादात दोन्ही जातात. त्या एक कराव्यात. परक्या वसाहतीच्या माश्या वासाने ओळखल्या जातात आणि थेट मिसळल्या तर मारामारी होते. त्यावर जगभरच्या मधपाळांचा जुना उपाय म्हणजे वर्तमानपत्र. एका पेटीतली कमी प्रतीची राणी काढून घ्यायची, दुसऱ्या पेटीवर वर्तमानपत्राचे पान पसरायचे, त्याला टाचणीने काही भोके पाडायची आणि त्यावर पहिली पेटी ठेवायची. दोन-तीन दिवसांत माश्या दोन्हीकडून कागद कुरतडतात. तोवर वास एकमेकांत मिसळलेला असतो आणि भांडणाचे कारण उरत नाही. वाचून झालेल्या दैनिकाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

सबळ पेटी डोंगळ्यात कधी न्यायची, यातही चूक होते. पहिला दांडा दिसला की पेट्या आणून ठेवायची घाई नको. मधमाशी एका वेळी एका जातीच्या फुलाला चिकटून राहते. कांदा उमलण्याआधी आली तर ती आसपासच्या दुसऱ्या फुलांची वाट शिकते आणि नंतर ती सहजी सोडत नाही. तिला दोन-तीन किलोमीटरचे अंतर काहीच नाही. साधारण दहा टक्के फुले उघडली की पेट्या आणाव्यात, त्याही रात्री, दाराला जाळी लावून. त्यातही कांदा काही माशीचे आवडते फूल नाही. त्याच्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते आणि जवळ दुसरे काही गोड फुललेले असेल तर माशी तिकडे वळते. म्हणून ‘पेट्या आणल्या, पण माशी डोंगळ्यावर दिसत नाही’ ही तक्रार खोटी नसते. पेट्या एका कोपऱ्यात रचण्याऐवजी वावराभोवती विखरून ठेवल्या आणि त्यांत भरपूर पिलावा असला, तर माश्यांना पराग हवाच असतो आणि त्या जवळचे फूल धुंडाळतात. भुकेल्या अळ्या असलेली वसाहत जोमाने बाहेर पडते. इथे पुन्हा गोष्ट जानेवारीवरच येते.

भाड्याच्या पेट्यांचा विचार करण्याआधी बांधाकडे पाहायला हवे. डोंगळ्यावर पेटीतल्या माशीइतकेच काम छोटी फुलोरी माशी करते. ती बांधावरच्या झुडपात, बोरीच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे लावते. तिला भाडे नाही, वाहतूक नाही. जानेवारीत बांध पेटवून साफ केला की तीही गेली आणि तिच्या उपयोगाची रानफुलेही गेली. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांच्या आणि विहिरींच्या कडेला असे किती बांध उरले आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. द्राक्षाचा विषय निघाला म्हणून, माशी द्राक्षे फोडते हा गैरसमज आहे. तिच्या जबड्यात ती ताकद नाही. पक्ष्याने, गांधीलमाशीने फोडलेल्या किंवा तडकलेल्या मण्यातला रस ती पिते. द्राक्षाला परागीभवनासाठी तिची फारशी गरजही नाही. बागलाण, मालेगाव, देवळ्याच्या डाळिंबाला मात्र आहे. आंबे बहाराची फुले याच दिवसांत असतात.

आता सगळ्यात अवघड भाग. डोंगळ्यावर फुलकिडे येतात आणि त्यांच्यासाठी फवारणी होते. वसाहत सहा आठवडे पाक पाजून, ऊब देऊन वाढवायची आणि सकाळी नऊ वाजता, माश्या गोंड्यांवर असताना कीटकनाशक मारायचे, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडते. दुपारी पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा ढीग असतो. काही थरथरत गोल फिरतात, काहींची सोंड बाहेर आलेली असते. हे निदान डोळ्यांनी होते. जे डोळ्यांना दिसत नाही ते वेगळे. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून पराग आणि मधुरसात उतरतात. मात्रा मारण्याइतकी नसली तरी माशीची घरची वाट चुकते, ती परत येत नाही आणि पेटी हळूहळू रिकामी होते. युरोपीय संघाने या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला, तो मुख्यतः मधमाशीमुळे. काही बुरशीनाशके एकटी असताना माशीला फारशी घातक नसतात, पण कीटकनाशकासोबत एका टाकीत गेली की विषाचा जोर वाढवतात. ‘एकाच फेऱ्यात दोन्ही उरकू’ ही सवय म्हणूनच महाग पडते.

फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उघडण्याआधी करावा. उघडल्यानंतर कीटकनाशक थांबवावे. अगदीच टळत नसेल तर सूर्यास्तानंतर, लवकर निवळणारे औषध निवडून, आणि मधपाळाला आदल्या दिवशी कळवून, म्हणजे तो पेट्या हलवू शकेल. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी होणारी आहे. अडचण अशी की वावर एकाचे, पेट्या दुसऱ्याच्या आणि फवारा तिसऱ्याच्या बागेतला. माशी सातबारा पाहून उडत नाही. बियाणे धरणारे चार शेजारी फवारणीचे दिवस आपसांत ठरवून घेत असतील तर पेट्या वाचतात. एकट्याने पाळलेला नियम अर्धाच उपयोगी पडतो.

सगळे नीट झाले तर फेब्रुवारीअखेर वेगळीच अडचण उभी राहते. पेटी माश्यांनी ओसंडून वाहू लागते. नर दिसू लागतात आणि पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या लोंबत्या कोठड्या दिसतात. नवी राणी तयार होत असल्याची ही खूण. आठ-दहा दिवसांत जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते आणि ऐन बहरात डोंगळा अर्धा पोरका होतो. म्हणून या दिवसांत दर आठवड्याला पेटी पाहावी, वर मधकोठी चढवून जागा द्यावी किंवा आपणच वसाहतीचे दोन भाग करावेत. सातेरी या बाबतीत जास्त चंचल असते. एखाद्या शेवग्याला, वीजमीटरच्या पेटीला माश्यांचा घोस लटकलेला दिसला तर तो बहुधा असाच घर शोधणारा थवा असतो. त्याच्या पोटात प्रवासाचा मध भरलेला असतो, राखायला घर नसते, त्यामुळे तो सहसा चावत नाही आणि तास-दोन तासांत किंवा दुसऱ्या दिवशी निघून जातो. धूर करू नये, दगड मारू नये.

उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली लटकणारे आग्या मोहोळ ही वेगळी जात. तिच्या वाटेला जाऊ नये. डोंगळ्यात काम करणाऱ्या मजुरांना अधूनमधून पेटीतल्या माशीचा डंख बसतो. काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो, म्हणून नखाने खरवडून तो लगेच काढावा. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नये. सूज आणि आग दोन दिवसांत उतरते. पण डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ती ॲलर्जी आहे. अशा वेळी हळद, चुना लावत न बसता थेट दवाखाना गाठावा. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळायला मिनिटांचा फरक महत्त्वाचा ठरतो. पेट्या ठेवल्यावर मजुरांना त्यांची जागा दाखवून देणे आणि दारासमोरचा वावरण्याचा मार्ग मोकळा सोडणे, एवढ्यानेच बरेचसे डंख टळतात.

मार्च सरता सरता गोंड्यांचा पांढरा रंग करडा होतो आणि फळे तडकून आतले काळे दाणे दिसू लागतात. तोवर ऊन चाळिशीकडे निघालेले असते आणि पेटीतल्या माश्या आता ऊब धरण्याऐवजी दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. पेट्यांना सावली आणि जवळ पाणी लागते, थेट धारेचे नव्हे. उथळ भांड्यात खडे टाकून ठेवलेले, म्हणजे माश्या बुडत नाहीत. मधपाळ रात्री जाळ्या लावून पेट्या करंज आणि जांभळाच्या बाजूला, डोंगराकडे हलवतो. मागे राहिलेल्या डोंगळ्यात गोंडे खुडून ताडपत्रीवर वाळत घातले जातात. शेतकरी एक गोंडा तळहातावर चोळतो, फोलपट फुंकून उडवतो आणि उरलेले काळे दाणे मोजतो.